वाळूत नाद पाहणारे अर्न्स्ट क्लाड्नी

एकादशीच्या रात्री देवळात भजनाची बैठक भरते. टाळ अजून वाजू लागलेले नसतात. पखवाज वाजविणारा डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतो, बोटांनी ठोकून पाहतो, चिमूटभर कणीक काढतो आणि पुन्हा ठोकून पाहतो. मनाजोगा नाद उमटला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसते व भजनाला आरंभ होतो. तिकडे मिरजेला तंबोरा घडविणारा कारागीर भोपळ्यावर बसवावयाच्या लाकडी तबलीवर बोटाच्या पेराने टिचकी मारतो, कान देतो आणि कोठे किती तासावयाचे ते ठरवितो. आम्ही मूळचे समुद्रकाठचे, कोकणी बोलणारे. आमच्याकडे घुमट वाजविणारेही मातीच्या भांड्यावर ताणलेले कातडे असेच ठोकून पारखतात. चिंताकीच्या परिसरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. परंतु वाद्याची परीक्षा करण्याची ही रीत चारही भाषांत एकच आहे.

ही परीक्षा कानाची. कान हा थोर परीक्षक खरा, परंतु त्याची साक्ष दुसऱ्याला दाखविता येत नाही. कारागीर वारला की त्याच्याबरोबर त्याचा कानही जातो. मग कानाला जे ऐकू येते ते डोळ्यांना दिसू शकेल काय? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला आणि वाद्याच्या फळीची परीक्षा चारचौघांना दिसेल अशी करून दाखविली, त्या अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीड्रिख क्लाड्नी यांचे चरित्र आम्ही विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

क्लाड्नींचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी जर्मनीतील विटेनबर्ग या गावी झाला. वडील तेथील विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते. घराणे विद्वानांचे, परंतु घरची शिस्त अतिशय कडक. आई लहानपणीच निवर्तली. एकुलत्या एका मुलाने बाहेर जाऊन बिघडू नये म्हणून वडिलांनी त्याला जवळजवळ कोंडूनच वाढविले. खिडकीतून आकाश पाहावे, नकाशे व प्रवासवर्णने वाचावीत आणि आपण दूरदेशी गेल्याची स्वप्ने पाहावीत, असे त्या मुलाचे बाळपण गेले. संगीताची त्याला उपजत ओढ होती. परंतु वाद्य शिकण्यास आरंभ झाला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. पुढे शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा मुलाचे मन वैद्यकाकडे व सृष्टिशास्त्राकडे होते, वडिलांचा आग्रह मात्र कायद्याचा होता. मुलाने वडिलांचा शब्द मोडला नाही. लाइपझिगच्या विद्यापीठात त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १७८२ साली त्या विषयातील डॉक्टर ही पदवी मिळविली.

त्याच सुमारास वडिलांचे निधन झाले. आता अडविणारे कोणी उरले नव्हते, पण पोसणारेही कोणी उरले नव्हते. पदरी सावत्र आईचा भार, हाती कायद्याची पदवी आणि मनात विज्ञान, अशा पेचात सव्वीस वर्षांचा हा तरुण सापडला. वकिली पत्करली असती तर पोट सुखाने भरले असते. क्लाड्नींनी ती वाट सोडली. विटेनबर्गला भूगोल व भूमिती शिकवीत त्यांनी कसाबसा चरितार्थ चालविला आणि राहत्या घरीच प्रयोगांना आरंभ केला. त्यांच्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना मोलाची उपकरणे. काचेचे व धातूचे काही पत्रे, मूठभर वाळू आणि व्हायोलिनचा गज एवढीच त्यांची सामग्री होती.

ध्वनिशास्त्र त्यांनी का निवडले याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ताणलेल्या तारेचा स्वर कसा उत्पन्न होतो हे त्या काळच्या गणितज्ञांनी बरेच उलगडले होते. परंतु घंटा, थाळी, लाकडाची फळी अशा पसरट वस्तू कशा कंप पावतात याविषयी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. वाद्याचा आवाज तर मुख्यत्वे फळीच मोठा करते. नुसती तार हवेला फारसे हालवू शकत नाही. तारेचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते आणि तबली हवेला हालविते. फळी कळली नाही तर वाद्य कळले असे म्हणता येत नाही, ही गोष्ट क्लाड्नींनी ओळखली.

अडचण अशी होती की, थाळीवर आघात केला म्हणजे एक नव्हे, अनेक स्वर एकदम उठतात आणि क्षणात विरून जातात. त्या गर्दीत एकेक स्वर वेगळा कसा काढावा? क्लाड्नींनी आघात सोडून गज घेतला. थाळी मध्यभागी पकडून तिच्या कडेवरून गज ओढला असता स्वर टिकून राहतो, आणि कडेला किंवा पृष्ठावर ठरावीक जागी बोट टेकविले म्हणजे नको असलेले स्वर दबून एकच स्वर उरतो. परीक्षा करावयाची तर परीक्षेला लावलेला नाद आपल्या ताब्यातला, टिकाऊ आणि एकेरी असला पाहिजे, हे तत्त्व त्यांना येथे गवसले. त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचा हा पाया होय.

जर्मनीतीलच लिख्टेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञांनी १७७७ साली विजेने भारलेल्या राळेवर भुकटी टाकून चमत्कारिक आकृती मिळविल्या होत्या. ते वर्णन क्लाड्नींच्या वाचनात आले आणि त्यांच्या मनात कल्पना चमकली. त्यांनी थाळीवर वाळू पसरली आणि गज ओढला. वाळूचे कण नाचू लागले, थाळीचा जो भाग हालत होता तेथून पळू लागले आणि जो भाग स्थिर होता तेथे जाऊन विसावले. पाहता पाहता गोल थाळीवर दहा-बारा किरणांची तारका उमटली. बोटाची जागा बदलली की स्वर बदले, स्वर बदलला की आकृती बदले. वाळूच्या त्या रेषा म्हणजे थाळीच्या निस्पंद रेषा होत. तसे पाहता रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८० साली पीठ पसरलेल्या काचेवर असा प्रकार पाहिला होता. परंतु त्यावरून शास्त्र उभारले ते क्लाड्नींनी. एकेक आकृती त्यांनी काढून घेतली, तिचा स्वर टिपला आणि १७८७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील आकृती आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

एवढे मोठे काम करूनही त्यांना कोणत्याही विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही. मग त्यांनी उपजीविकेचा नवा मार्ग शोधला. १७९० च्या सुमारास त्यांनी काचेच्या कांड्यांचे ‘युफोन’ नावाचे वाद्य बनविले. कांड्यांवर ओली बोटे फिरविली असता त्यातून मंजूळ स्वर निघत. पुढे फिरत्या काचेच्या नळकांड्यावर चालणारे दुसरे वाद्यही त्यांनी सिद्ध केले. ही वाद्ये व आपले पत्रे घोडागाडीत घालून ते गावोगाव हिंडू लागले. दिवसा व्याख्यान द्यावे, वाळूच्या आकृती दाखवाव्यात, वाद्य वाजवावे आणि मिळालेल्या पैशांत पुढच्या गावचा रस्ता धरावा, असा त्यांचा क्रम पुढे सुमारे चाळीस वर्षे चालला. कोंडलेल्या खोलीत नकाशे पाहणाऱ्या मुलाचे प्रवासाचे स्वप्न खरे झाले, परंतु ते असे कष्टाने.

या भ्रमंतीतही त्यांचे संशोधन थांबले नाही. निरनिराळ्या वायूंत नळी वाजवून तिच्या स्वरावरून त्या वायूंतील ध्वनीचा वेग त्यांनी काढला. कांड्या लांबीच्या दिशेने कंपित करून घन पदार्थांतील वेगही अजमावला. लिख्टेनबर्ग यांच्याशी झालेल्या भेटीनंतर आकाशातून पडणाऱ्या दगडांचा विषय त्यांनी हाती घेतला आणि हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे १७९४ साली ग्रंथ लिहून प्रतिपादिले. त्या वेळी बहुतेक विद्वानांनी त्यांची थट्टा केली. १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल या गावी हजारो दगडांचा वर्षाव झाला, त्याची रीतसर चौकशी झाली आणि थट्टा करणारे गप्प झाले. आपल्या महाराष्ट्रातील लोणारचे सरोवर अशाच एका आघाताने निर्माण झाले आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

१८०२ साली त्यांचा ध्वनिशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ते पॅरिसला गेले. १८०९ च्या फेब्रुवारी महिन्यात सम्राट नेपोलियनसमोर आपले प्रयोग दाखविण्याची संधी त्यांना मिळाली. गणित जाणणारा तो सम्राट त्या आकृती पाहून प्रसन्न झाला. ग्रंथाचे फ्रेंच भाषेत रूपांतर करण्यासाठी त्याने सहा हजार फ्रँक दिले. आणि या आकृतींचे गणित जो मांडील त्याला तीन हजार फ्रँकांचे पारितोषिक जाहीर झाले. ते आव्हान सोफी जर्मेन या फ्रेंच विदुषीने स्वीकारले. स्त्री म्हणून तिला उच्च शिक्षणाचे दार बंद होते. दोन वेळा तिचा निबंध अपुरा ठरला. तिसऱ्या खेपेस, १८१६ साली, पारितोषिक तिलाच मिळाले. आमच्या शाळेतील मुलींनी हे नाव विसरू नये.

क्लाड्नींचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. युद्धाच्या धामधुमीत विटेनबर्गचे राहते घर गेले आणि त्यांना जवळच्या केमबर्ग या लहान गावी बिऱ्हाड हलवावे लागले. त्यांनी लग्न केले नाही. व्याख्यानांचा दौरा चालू असतानाच ३ एप्रिल १८२७ रोजी ब्रेस्लाउ या शहरी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचा अंत झाला. जमविलेल्या उल्कापाषाणांचा संग्रह त्यांनी बर्लिनच्या विद्यापीठाला दिला होता.

क्लाड्नी गेले, पण त्यांची मूठभर वाळू मागे राहिली. फ्रान्समध्ये सावार यांनी व्हायोलिनच्या फळ्यांवर तिचा उपयोग केला. आपल्या देशात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला व मृदंग यांचा अभ्यास केला. शाईमुळे तबल्याच्या पुडीची पहिली नऊ प्रकारची कंपने केवळ पाच सुसंवादी स्वरांत कशी गोळा होतात, हे त्यांनी १९३४ च्या निबंधात पुडीवर वाळूच्या आकृती पाडून दाखविले. साधी ताणलेली पुडी बेसूर का आणि आमच्या पूर्वजांनी शाई लावलेली पुडी सुरेल का, याचे उत्तर जर्मनीतल्या त्या फिरस्त्याच्या वाळूने दिले, ही केवढी नवलाची गोष्ट! अमेरिकेत कार्लीन हचिन्स या शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या बाईंनी व्हायोलिनच्या सुट्या फळ्यांवर हीच परीक्षा करण्याची पद्धत रूढ केली आणि पुष्कळ कारागिरांना शिकविली. त्यांच्या हाती मात्र गज नव्हता. विजेवर चालणारे स्वरजनक यंत्र व ध्वनिक्षेपक यांच्या साहाय्याने त्या फळीला हवा तो स्वर ऐकवीत.

असे यंत्र एके काळी फार महाग असे. १९३८-३९ च्या सुमारास ह्युलेट व पॅकार्ड या दोन तरुण अभियंत्यांनी एका गॅरेजमध्ये ते स्वस्तात बनविले. त्याच्या सुधारलेल्या नमुन्याचे आठ नग वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटसंस्थेने ‘फॅन्टेशिया’ या बोलपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी विकत घेतले. आज तेच काम संगणकावरील किंवा मोबाइलवरील सॉफ्टवेअर करते आणि पुष्कळदा त्याला एक पैसाही पडत नाही. क्लाड्नींचा गज अशा रीतीने आमच्या खिशात आला आहे. परंतु गज कोणता निवडावा हा प्रश्न जसा त्यांच्यापुढे होता, तसा तो आपल्यापुढेही आहेच.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांसह पातळ प्लायवुडची एक फळी घेतली. तिच्याखाली ध्वनिक्षेपक ठेवला, वर कोरडी बारीक वाळू भुरभुरविली आणि मोबाइलवर टोन जनरेटर सुरू केला. कंपनसंख्या सेकंदाला २०० दाखवीत असता एक सुरेख आकृती उमटली. मुले आनंदली, आम्हीही आनंदलो आणि वहीत २०० हा आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर २०० हाच आकडा लावला, तर वाळू हालेना! पुष्कळ विचार केल्यावर चूक उमगली. पहिल्या दिवशी तरंगाचा आकार चौकोनी निवडला गेला होता. चौकोनी तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट असे स्वरही मिसळलेले असतात. फळी २०० ला नव्हे, तर त्यात लपलेल्या ६०० ला प्रतिसाद देत होती. शुद्ध साइन तरंग निवडून ६०० लावताच तीच आकृती पुन्हा उमटली. आकृती खरी होती, आमचा आकडा मात्र खोटा होता.

म्हणून अशा सॉफ्टवेअरची निवड करताना त्याच्या रंगीत पडद्याला भुलू नये. पहिली गोष्ट, त्यात शुद्ध साइन तरंग मिळाला पाहिजे. दुसरी, कंपनसंख्या आकड्यांनी भरता आली पाहिजे व ती एकेकाने, शक्य तर एकाच्या दशांशाने, वाढविता आली पाहिजे. कारण फळीवरील आकृती पुष्कळदा दोन-चार कंपनांच्या अंतरात उमटते आणि विरते. नुसती सरकपट्टी असलेले सॉफ्टवेअर येथे निरुपयोगी ठरते. तिसरी, स्वर खालून वर सावकाश चढविण्याची सोय असावी. घाईने चढविला तर फळीला जागे होण्यास अवधीच मिळत नाही. चौथी, आवाजाची पातळी बेताची ठेवता यावी. ती फार वाढविली की तरंगाचे माथे कापले जातात आणि शुद्ध स्वर पुन्हा मिसळीचा होतो. पाचवी, मोबाइलमधील आवाज खुलविण्याची जी सोय असते ती बंद ठेवावी. संगणकावर ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर शुद्ध स्वर व चढता स्वर दोन्ही तयार करून देते आणि त्याला इंटरनेटची गरज पडत नाही. खेड्यातील शाळेला ही सोय मोठी आहे.

सॉफ्टवेअर चांगले असले तरी त्याची परीक्षा आपण घ्यावीच. प्रयोगशाळेतील ५१२ कंपनांचा नादकाटा वाजवावा आणि त्याच वेळी सॉफ्टवेअरमधून ५१२ चा स्वर काढावा. दोन्ही जुळत असतील तर नाद सलग राहील. सेकंदाला दोन विस्पंद ऐकू आले तर दोहोंत दोन कंपनांचे अंतर आहे असे समजावे. मोबाइलचा इवलासा ध्वनिक्षेपक खर्जाचे स्वर नीट काढू शकत नाही, तेव्हा मोठा ध्वनिक्षेपक जोडणे बरे. मोठ्या आवाजात एकच स्वर दीर्घकाळ ऐकणे कानाला अपायकारक असते, हेही विसरू नये.

कोणी विचारील की, मिरजेच्या कारागिरांनी यांपैकी काहीही न वापरता पिढ्यान्पिढ्या उत्तम तंबोरे घडविले आणि २०२४ साली तेथील तंबोऱ्याला व सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले, मग या खटाटोपाचे प्रयोजन काय? प्रयोजन इतकेच की, आजोबांच्या कानाला जे कळते ते नातवाच्या वहीत उतरावे. एका उत्तम तबलीच्या आकृती व त्यांचे आकडे टिपून ठेवले, तर नवी तबली तासताना तो शिकाऊ मुलगा दोन्ही ताडून पाहू शकेल. अखेरचा निवाडा कानानेच द्यावयाचा आहे. वाळू ही त्याची साक्षीदार होय. मात्र साक्ष खरी हवी असेल तर प्रश्नही स्वच्छ विचारावा लागतो. आपण फळीला कोणता स्वर दिला हेच आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर तिच्या उत्तराचा अर्थ लागणार कसा?

दहावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपुढे दर वर्षी एक पेच येतो. घरच्यांनी एक वाट योजलेली असते, मनाने दुसरी धरलेली असते. क्लाड्नींच्या चरित्रातून आम्ही त्यांना बंडाचा उपदेश करणार नाही, कारण त्यांनी बंड केले नाही. वडिलांनी सांगितलेली विद्या त्यांनी प्रामाणिकपणे पुरी केली आणि मग मनाची वाट धरताना तिची पुरी किंमतही मोजली. पद मिळाले नाही, घर टिकले नाही, तरी तक्रार करीत ते बसले नाहीत. एक पत्रा, एक गज आणि मूठभर वाळू एवढ्यावर त्यांनी एक शास्त्र उभे केले. वाळू आपल्या मांजरा नदीच्या काठीही विपुल आहे, पत्र्याचे झाकण प्रत्येक घरी आहे आणि गज आता मोबाइलमध्ये आहे. उणीव आहे ती केवळ सावकाश, नीट प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींची. ती आमच्या शाळेतून भरून निघो, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख संपवितो.